भूतकाळ नसलेला स्वर

विजेच्या उपकरणांतून काढलेल्या संगीताचा विषय आपल्याकडे निघाला, की दोन आक्षेप हटकून ऐकू येतात. पहिला असा, की या संगीतात माणूस नाही. आहे ते यंत्र, आणि यंत्राला काळीज नसते. दुसरा आक्षेप जरा अधिक बोचरा असतो. ही सगळी पोट भरलेल्या देशांची थेरे आहेत; ज्यांना दुःख ठाऊक नाही त्यांनी वेळ घालवायला शोधून काढलेला खेळ! पहिल्या आक्षेपाला मी बराच काळ मनातल्या मनात मान डोलावीत आलो, हे कबूल करतो. माझे कान तंबोऱ्यावर वाढलेले. जवारी नीट लागली नाही तर ज्याला बसवत नाही, त्याला लाउडस्पीकरमधून येणारे ते शिट्ट्यांसारखे सूर कसे रुचावेत? दुसरा आक्षेप मात्र इतिहासापुढे क्षणभरही टिकत नाही; आणि तो का टिकत नाही हे पाहता पाहता पहिल्याचेही पाय लटपटू लागतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून जर्मनीतल्या कलोन शहरी एका नभोवाणी केंद्रात थाटलेल्या लहानशा स्टुडिओची हकीगत आज सांगावीशी वाटते.

हकीगतीला आरंभ करायचा तो फितीपासून. चुंबकीय फितीवर आवाज टिपणारे 'माग्नेटोफोन' नावाचे यंत्र ए. ई. जी. या जर्मन कंपनीने बर्लिनच्या १९३५ च्या नभोवाणी-प्रदर्शनात मांडले. पुढे १९४० च्या सुमारास त्यात एक मोठी सुधारणा झाली. आवाज टिपताना त्याच्या जोडीला कानाला ऐकू न येणारी, फार उच्च कंपनसंख्येची वीज दिली, तर मागची खरखर जवळजवळ नाहीशी होते, हे ध्यानात आले. युद्ध ऐन भरात असताना जर्मन नभोवाणीवरून मध्यरात्रीनंतरही सबंध वाद्यवृंदांचे वादन ऐकू येई. इंग्लंडात कामावर असलेल्या जॅक मलिन या अमेरिकन सैनिकी तंत्रज्ञाला त्याचे मोठे नवल वाटे. तबकडीची खरखर नाही, दर चार मिनिटांनी तबकडी बदलल्याचा खंड नाही. मग हे शेपन्नास वादक रोज अपरात्री उठून वाजवतात की काय? त्याचे उत्तर त्याला १९४५ मध्ये बाट नाउहाइम या गावी सापडले. तिथल्या नभोवाणी केंद्रातली दोन यंत्रे त्याने सुटी केली आणि टपालाने आपल्या घरी धाडली. अमेरिकेतला फितीवरील ध्वनिमुद्रणाचा धंदा मुख्यतः त्या दोन यंत्रांतून उभा राहिला.

फीत ही तबकडीसारखी नसते. ती कात्रीने कापता येते, उलटी लावता येते, दुसऱ्या तुकड्याला डकवता येते. एका सेकंदाचा आवाज चिमटीत धरून फूटपट्टीने मोजता येतो. आवाजाला लांबी मिळाली ती इथे, आणि पुढचे सारे रामायण घडले ते या लांबीपायी.

युद्धाचीच दुसरी देणगी म्हणजे व्होकोडर. माणसाच्या बोलण्याचे निरनिराळ्या पट्ट्यांत पृथक्करण करून ते पुन्हा जुळवणारे हे यंत्र अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या होमर डडली याने तयार केले होते, आणि युद्धकाळात वॉशिंग्टन व लंडन यांच्यामधल्या गुप्त दूरध्वनीसाठी त्या तत्त्वाचा उपयोग झाला होता. डडली १९४८ मध्ये बॉन विद्यापीठात आला, तेव्हा त्याच्याजवळ या यंत्राच्या आवाजाचे मुद्रण होते. ते ऐकून व्हेर्नर मायर-एप्लर हा तिथला भौतिकशास्त्रज्ञ थक्क झाला. युद्ध संपल्यावर तो वाणीच्या अभ्यासाकडे वळला होता. त्याने त्या मुद्रणाचा दाखला देत व्याख्याने दिली, विजेवर ध्वनी निर्माण करण्याविषयी १९४९ मध्ये पुस्तक लिहिले, आणि १८ ऑक्टोबर १९५१ रोजी कलोनच्या नभोवाणी केंद्रात चार जाणत्या लोकांची बैठक भरून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ काढायचे ठरले. त्याचे प्रमुखपण हेर्बर्ट आयमर्टकडे आले.

आयमर्ट हा काही वीरपुरुष नव्हता. तरुणपणी, १९२४ मध्ये, त्याने रूढ स्वरव्यवस्था मोडणाऱ्या नव्या संगीतावर पुस्तक लिहिले आणि त्यापायी शिक्षकाशी वाद होऊन त्याला रचनेच्या वर्गातून बाहेर पडावे लागले. नाझी अमदानीत तो एका कलोनी वर्तमानपत्राच्या संपादकवर्गात नोकरी करीत राहिला. बहुतेक माणसे जशी दिवस काढतात तसे त्याने काढले. पण त्याच्या कानांवर काय पडत होते याचा विचार करावा. पूर्व आघाडीवरच्या विजयाची वार्ता सांगण्याआधी जर्मन नभोवाणीवर लिस्टच्या 'ले प्रेल्यूद'मधली तुतारी वाजे. हिटलरच्या मृत्यूची बातमी सांगितली गेली तेव्हा ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीतला संथ भाग लावला होता. लिस्टचा यात काय दोष? ब्रुकनरचा तरी काय? परंतु ज्या सुरांवर एकदा असली कामे लादली गेली, ते सूर पुन्हा निर्मळ मनाने ऐकणे त्या पिढीला जड गेले. आपल्याकडे एखाद्या घरात काही अघटित घडले की त्या वेळी चालू असलेले गाणे पुढे कित्येक वर्षे कुणी लावत नाही. तिथे सबंध देशाचे असे झाले होते.

आणि शहर कोणते? कलोनवर युद्धात अडीचशेहून अधिक हवाई हल्ले झाले. ३० मे १९४२ च्या रात्री इंग्रजांची हजारभर विमाने एका दमात या शहरावर चालून आली होती. कॅथीड्रलचे दोन उंच मनोरे तेवढे उभे राहिले. भोवतालचे जुने गाव ढिगाऱ्यात गेले.

या शहराजवळच्या म्योड्राथ गावी २२ ऑगस्ट १९२८ रोजी कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन जन्मला. बाप झीमोन शाळामास्तर. आई गेरट्रूड पियानो वाजवी, गाई. मुलगा चार वर्षांचा असताना आईचे मन बिघडले आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. ती परत आलीच नाही. मनोरुग्ण आणि अपंग माणसे म्हणजे देशाला नुसता भार, असा हिशेब मांडून नाझी राजवटीने त्यांना मारून टाकण्याची जी यंत्रणा उभी केली, तिचे एक ठाणे हाडामार या गावी होते. १९४१ च्या जानेवारी ते ऑगस्ट या आठ महिन्यांत तिथे दहा हजारांहून अधिक माणसांना विषारी वायूने मारण्यात आले आणि प्रेते तिथल्याच भट्ट्यांत जाळण्यात आली. गेरट्रूड स्टॉकहाउझेन त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांत गेली. घरी सरकारी पत्र आले, की रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. मुलगा तेव्हा तेराव्या वर्षात होता.

पुढे मास्तर सैन्यात गेला. पोरगा सोळाव्या वर्षी लष्करी इस्पितळात जखमींचे स्ट्रेचर वाहू लागला. १९४५ च्या आरंभी बापलेकांची शेवटची भेट झाली. आपण आता परतणार नाही, असे बाप स्वच्छ सांगून गेला, आणि हंगेरीच्या बाजूला कुठेतरी तो नाहीसा झाला. उरलेल्या मुलाने शेतावर मजुरी केली, कलोनच्या संगीतशाळेत नाव घातले, रात्री दारूच्या गुत्त्यांत पियानो वाजवला. एका जादूगाराच्या खेळांना साथ करीत तो गावोगाव हिंडलाही. लहानपणी नभोवाणीवरून अष्टौप्रहर कवायतीची गाणी ऐकून सरळ ठेक्याचा आपल्याला कायमचा तिटकारा आला, असे तो पुढे सांगे.

१९५२ मध्ये तो पॅरिसला ऑलिव्हिये मेसियांकडे शिकायला गेला. इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असा एक योग आहे. मेसियां स्वतः युद्धकैदी म्हणून जर्मन छावणीत राहून आलेला. आणि विद्यार्थ्यांना लयीचे पाठ देताना तो ज्या एकशेवीस देशी तालांचा आधार घेई, ते शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तले. तो ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या आश्रयाने आपल्या देवगिरीला लिहिला गेला. मेसियांला ते ताल एका फ्रेंच ज्ञानकोशातल्या कोष्टकातून मिळाले होते. कवायतीच्या ठेक्यातून सुटका शोधणाऱ्या पोराला दौलताबादच्या डोंगरावरून निघालेले काहीतरी असे सात समुद्र ओलांडून भेटावे, याची मला मोठी मौज वाटते. यापलीकडे त्यात अर्थ शोधू नये.

पॅरिसहून परतल्यावर १९५३ पासून तो कलोनच्या स्टुडिओत आला. तिथे मेलोकॉर्ड आणि मोनोकॉर्ड ही दोन विजेची पेटीवाद्ये होती. स्टॉकहाउझेनने ती बाजूला सारली. त्याने उचलले ते कंपने निर्माण करणारे साधे यंत्र. नभोवाणीचे तंत्रज्ञ आपली उपकरणे तपासायला ते वापरीत. ते वाद्य आहे असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. त्यातून निघणारा स्वर म्हणजे काय, हे तंबोऱ्याच्या उलट कल्पना केली की कळते. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की एका सुराच्या पोटातून पंचम येतो, स्वयंभू गंधार येतो, वर आणखी कितीतरी झिरमिळ्या येतात. म्हणूनच त्याला अंग असते, घराण्याघराण्याची ओळख असते. या यंत्राच्या सुराला पोटात काहीच नाही. एकच कंपन, मागे नाही, पुढे नाही. त्याला ना गाव, ना वाद्य, ना वाजवणारा. ज्या माणसाच्या मागचे सगळे जळून गेले होते त्याने नेमका हाच सूर निवडला. लिस्टची तुतारी ज्याला कधी शिवली नाही असा, भूतकाळ नसलेला स्वर.

त्या सुरापासून त्याने दोन 'अभ्यास' रचले. दुसऱ्याची, १९५४ च्या 'श्टूडी झ्वाय'ची, मांडणी मला फार बोलकी वाटते. आपले सप्तक दुप्पटीवर उभे असते. षड्जाची कंपने दुप्पट झाली की तार षड्ज. स्टॉकहाउझेनने दुप्पट टाकून पाचपट घेतली, तिचे पंचवीस समान पायऱ्यांत भाग केले आणि १०० कंपनांपासून वर अशा ८१ पायऱ्या बांधल्या. दोन पायऱ्यांतले अंतर नेहमीच्या अर्ध्या स्वरापेक्षा किंचित मोठे पडते, म्हणजे कुठल्याच ओळखीच्या सुरावर पाऊल पडत नाही. मग पाच पाच सुरांचे तुकडे फितीवर एकापुढे एक डकवायचे, ते आवाज घुमावा म्हणून मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या खोलीत वाजवायचे, आणि त्यांचा घुमारा पुन्हा टिपायचा. फितीचा वेग सेकंदाला ७६.२ सेंटिमीटर. सव्वातीन मिनिटांच्या संगीतासाठी महिनेच्या महिने कात्री, फूटपट्टी, डिंकपट्टी. विणकामात असा वेळ गेलेला आपण पाहतो. गाण्यात मी तरी ऐकला नव्हता.

आता खरे सांगायचे तर हा 'अभ्यास' ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. त्याचा मला आदर वाटतो, एवढेच. पण त्याच्या पाठोपाठ जे आले त्याने माझा पहिला आक्षेप मोडला.

मायर-एप्लरकडे बॉनला जाऊन स्टॉकहाउझेन वाणीचा अभ्यास करू लागला होता. बोलण्यातले स्वर हे सुरांच्या जवळचे, आणि स, श, फ यांसारखी व्यंजने ही नुसत्या फुफाट्याच्या जवळची. म्हणजे निखळ सूर एका टोकाला, गोंगाट दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या साऱ्या वाटेवर माणसाची वाचा पसरलेली, हे त्याच्या ध्यानात आले. कलोनच्या कॅथीड्रलमध्ये वाजवावी अशी एक प्रार्थना या ध्वनींतून रचायचे त्याच्या मनात होते. देवळात लाउडस्पीकरला जागा नाही, असे उत्तर मिळाल्याचे तो सांगत असे. (आपल्याकडच्या वाचकाला हे उत्तर कोणत्या दुनियेतले, असे वाटेल!) शेवटी झाली ती 'गेझांग डेर युंगलिंगे', म्हणजे कुमारांचे गान. शब्द घेतले ते बायबलातल्या दानीएलाच्या कथेतले. नबुखद्नेस्सर राजाने शद्रख, मेशख आणि अबेद्नगो या तिघांना धगधगत्या भट्टीत टाकले. प्रल्हादाला जशी आगीची बाधा झाली नाही तशी त्यांनाही झाली नाही, आणि ते आत उभे राहून देवाची स्तुती गाऊ लागले. त्या स्तुतीसाठी बारा वर्षांच्या एका मुलाचा आवाज टिपला. त्याचे नाव योझेफ प्रोचका. पुढे तो ऑपेरातला नामांकित गायक झाला. वर्षाहून अधिक काळ खपून त्या एका आवाजाचे तुकडे करून, त्यांवर तुकडे रचून, विजेच्या सुरांत ते विरघळवून आणि पुन्हा वर काढून तेरा मिनिटांची रचना सिद्ध झाली. ऐकताना शब्द कधी स्वच्छ कळतो, कधी नुसता भास होतो, कधी ठिणग्यांच्या पावसात बुडून जातो. 'स्तुती करा' एवढा शब्द मात्र दर खेपेस ओळखू येतो.

आईला मारून जाळले तेव्हा त्याचे वय प्रोचकाएवढेच होते. भट्टी, आत कोवळा आवाज, आणि आग त्याला खात नाही. हा संबंध मी जोडतो आहे. स्टॉकहाउझेनवर तो लादायचा नाही. तो श्रद्धाळू कॅथलिक होता आणि त्याच्या दृष्टीने ही प्रार्थनाच होती. पण हाडामारचे पान वाचून झाल्यावर ही तेरा मिनिटे मला निराळी ऐकू येतात, त्याला माझा इलाज नाही. पहिला प्रयोग कलोनच्या नभोवाणीच्या मोठ्या दिवाणखान्यात झाला, श्रोत्यांच्या भोवती लाउडस्पीकरांचे पाच गट मांडून. काहींनी टाळ्या दिल्या, काहींनी आरडाओरडा केला. तारीख होती ३० मे १९५६. हजार विमाने आली त्या रात्रीला त्या दिवशी बरोबर चौदा वर्षे होत होती.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हे गान ऐकण्यासाठी एका माणसाने आपला जीव पणाला लावला. तो बुडापेस्टमध्ये होता.

ग्योर्गी लिगेती हा ट्रान्सिल्व्हेनियातला, हंगेरियन बोलणारा ज्यू. जन्म २८ मे १९२३. १९४४ मध्ये त्याला सक्तमजुरीच्या तुकडीत धाडले. त्यातून तो निसटला. बाप बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत मेला, धाकटा भाऊ माउटहाउझेनच्या. आई औशविट्झमधून जिवंत परतली; डॉक्टर होती म्हणून. युद्धानंतर तो बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकला आणि तिथेच शिकवू लागला. पण आता राज्य स्टालिनच्या पंथाचे होते. लोकगीतांच्या चालींवर खुशालीची गाणी रचा, बाकीचे मेजाच्या खणात ठेवा. पश्चिमेकडचे नवे संगीत ऐकायचे तर रात्री नभोवाणीवर, आणि तेही सरकारी घरघराटाच्या आडून, जे वरचे सूर निसटून येतील तेवढेच. २३ ऑक्टोबर १९५६ ला बुडापेस्ट पेटले आणि काही दिवस तो घरघराट बंद पडला. ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे पुन्हा शहरात शिरले. ७ नोव्हेंबरला कलोनहून 'कुमारांचे गान' प्रक्षेपित व्हायचे होते, आणि लिगेतीला ते ठाऊक होते. इमारतीतली माणसे तळघरात जाऊन बसली होती. तोफगोळे पडत होते, काचा फुटत होत्या. लिगेती वर आपल्या खोलीत रेडिओपाशी बसला आणि त्याने ते शेवटपर्यंत ऐकले.

मी हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा मला त्या माणसाचा थोडा रागच आला. खाली शेजारी जीव मुठीत धरून बसलेले, आणि याला संगीत सुचते! कलावंताच्या बेफिकिरीच्या कथा आपल्याला फार आवडतात आणि मला त्या फारशा सोसत नाहीत. पण जरा विचार केल्यावर वाटले, तळघरात जाऊन वाचणे हा त्याच्यापुढचा प्रश्न राहिला नव्हता. वाचून तो एकदा बाहेर आला होता आणि पुन्हा खणात कोंडला गेला होता. वर रेडिओवर जे ऐकू येत होते तीच त्याची बाहेरची वाट होती. महिन्याभरात तो त्या वाटेने निघालाही. डिसेंबरात तो आणि व्हेरा टपालगाडीत टपालाच्या थैल्यांखाली लपून सरहद्दीकडे गेली, आणि रात्री पायी चालत ऑस्ट्रियात उतरली. लिहिलेल्या रचना बहुतेक सगळ्या मागे राहिल्या. फेब्रुवारी १९५७ मध्ये तो कलोनला पोचला. आयमर्टने स्टुडिओत काम करण्याची सोय केली. पहिले सहा आठवडे तो राहिला स्टॉकहाउझेनच्या घरी. एकाची आई नाझींनी मारलेली, दुसऱ्याचे बाप-भाऊ. एकाचा बाप मात्र त्याच नाझी सैन्याचा गणवेश घालून दुसऱ्याच्या देशात नाहीसा झालेला. अशी दोन माणसे एका छपराखाली जेवत होती आणि फितीविषयी बोलत होती.

लिगेतीने स्टुडिओत तीन कामे हाती घेतली. पहिले 'ग्लिसांदी' त्याचे त्यालाच पसंत पडले नाही. तिसऱ्यात अठ्ठेचाळीस पदर एका वेळी चालवायचे होते. ते जुळवणे तेव्हाच्या यंत्रांना झेपेना म्हणून ते कागदावरच राहिले. मधले, १९५८ चे, ते 'आर्टिकुलात्सिओन'. गॉटफ्रीड मिखाएल क्योनिग आणि कॉर्नेलिअस कार्ड्यू यांच्या मदतीने पुरे झालेले, चार मिनिटांना थोडेसे कमी. आवाजांचे प्रकार ठरवून त्याने फितीचे तुकडे निरनिराळ्या पेट्यांत घातले, आणि मग सोडत काढावी तसे हात घालून उचलले. त्यात एकही शब्द नाही. तरी ऐकू लागले की कुणी प्रश्न विचारते आहे, कुणी हटवादीपणे नाही म्हणते आहे, दोघेजण एकदम बोलताहेत, मागे कुणी खुसफुसते आहे, असे स्पष्ट वाटते. चावडीवरची बोलणी भिंतीपलीकडून ऐकावीत तसे. ज्याने आयुष्यात हंगेरियन, रुमानियन, जर्मन, अशा भाषांच्या सरहद्दी बदलताना पाहिल्या, आणि त्या भाषांतून सुटलेले हुकूम ऐकले, त्याने यंत्राकडून करून घेतली ती ही अशी, कुणाचीच नसलेली भाषा. आणि तीत थट्टा आहे! त्या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या कामांत मला मनापासून हसवणारे हे एकच.

आयमर्टकडे परत जायला हवे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. तिची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर तेवीस खलाशी होते. त्यांतला आइकिची कुबोयामा सप्टेंबरात मरण पावला; वय चाळीस. बोटीवर त्याचे काम बिनतारी यंत्र चालवण्याचे. १९६० ते १९६२ या काळात आयमर्टने त्याच्यासाठी 'एपिटाफ' रचले. त्यातला प्रत्येक ध्वनी एका माणसाच्या वाचनातून, कुबोयामाच्या समाधीलेखाच्या जर्मन शब्दांतून काढलेला आहे. यंत्राने स्वतःचे असे काही घातलेले नाही. तेवीस मिनिटे ती वाणी भुगा होत जाते, वितळते, पुन्हा जमते. १९२४ मध्ये शिक्षकाशी भांडलेला आणि नाझी काळात गप्प राहिलेला हा माणूस साठी ओलांडल्यावर बोलला तो एका परक्या कोळ्यासाठी.

तिघांची वाट पाहिली तर काय दिसते? तिघेही माणसाचा स्पर्श नसलेला सूर शोधायला म्हणून त्या स्टुडिओत शिरले. तसा सूर त्यांना मिळालाही. आणि त्या सुरावर फार दिवस त्यांच्यापैकी कुणी राहिले नाही. एक मुलाच्या गळ्याकडे गेला, एक बडबडीकडे, एक समाधीवरच्या अक्षरांकडे.

पुढचे थोडक्यात. लिगेती स्टुडिओतली भांडणे आणि तट पाहून दूर झाला. हिटलर आणि स्टालिन भोगलेल्या माणसाला पंथप्रमुख नको असतात. त्या अपुऱ्या राहिलेल्या अठ्ठेचाळीस पदरांची कल्पना त्याने साध्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली, १९६१ च्या 'आत्मोस्फेअर्स'मध्ये. छप्पन्न तंतुवादक, प्रत्येकाचा सूर निराळा. स्टॅन्ली क्युब्रिकने १९६८ मध्ये ती रचना आपल्या अंतराळाच्या चित्रपटात घातली, त्यामुळे नाव ठाऊक नसलेल्या कोट्यवधी लोकांनी ती ऐकली. स्टॉकहाउझेन आयमर्टच्या मागून १९६३ मध्ये स्टुडिओचा प्रमुख झाला, आणि हळूहळू खरोखरच पंथप्रमुखही.

एक गोष्ट सांगायची टाळावी असे मनात आले होते. न्यूयॉर्कचे मनोरे पाडले गेल्यानंतर पाचच दिवसांनी, १६ सप्टेंबर २००१ ला, हँबर्गमध्ये पत्रकारांशी बोलताना स्टॉकहाउझेनने त्या संहाराला सर्वांत मोठी कलाकृती म्हटले. आपण सैतानाची कलाकृती म्हणालो होतो, असा खुलासा त्याने मागून केला. पण त्याचे तिथले कार्यक्रम रद्द झाले आणि तो डाग गेला नाही. हत्याकांडाला जो कलाकृती मानतो त्याला मनोरुग्णालयात ठेवावे, असे लिगेती त्यावर जाहीरपणे बोलल्याचे तेव्हा छापून आले. स्टॉकहाउझेनच्या आईचे काय झाले हे ज्याला माहीत आहे, त्याला हे वाक्य वाचून कसेतरी होते. आगीत गाणारा मुलगा ज्याने रचला त्याने आगीविषयी असे बोलावे, आणि ज्याने ते गान रणगाड्यांच्या आवाजात ऐकले त्याने त्याला असे उत्तर द्यावे! लिगेती २००६ मध्ये गेला, स्टॉकहाउझेन २००७ मध्ये. दोघांत मला बरोबर वाटतो तो लिगेती; पण या एका बाबतीत बरोबर असण्याचे समाधान होत नाही.

माझी थोरली बहीण जन्मभर गाणे शिकवीत आली. गेल्या पावसाळ्यात ती आमच्याकडे राहायला होती, तेव्हा मी काही न सांगता तिला ते कुमारांचे गान लावून दिले. मला वाटले, दोन मिनिटांत बंद करायला सांगेल. तिने डोळे मिटून पुरते ऐकले.

"एकच मुलगा आहे ना रे हा?"

"एकच. बारा वर्षांचा."

"मग त्याच्याभोवती एवढी माणसं कुठून आली?"

फीत, कात्री, एकावर एक चढवलेले थर, मी सगळे समजावून सांगितले. ते तिने कितपत ऐकले कोण जाणे. बाहेर पाऊस होता, आणि ती बाजाच्या खोक्याकडे पाहत होती.

"सुरुवातीपासून लाव पुन्हा," ती म्हणाली. "आणि मध्ये बोलू नकोस."